किकुयोशीचं मागचं पाऊल

आमचा खोंड किकुयोशी तेरा महिन्यांचा झाला तेव्हा असाकुरा त्याला बघायला आले. आमच्या ताजिमाच्या डोंगरात कुठला खोंड वळू म्हणून ठेवायचा आणि कुठला खच्ची करून मांसासाठी पोसायचा, हे त्या काळी तेच ठरवत.

लग्नात आईने माझ्याबरोबर एक कालवड धाडली होती. चांगल्या रक्ताला आमच्याकडे वेल म्हणतात, आणि माझ्या माहेरची वेल फार जुनी. ती गाय पहिल्याच वेतात गेली. माहेरचा गोठाही तोवर रिकामा झालेला. उरला तो तिचा हा खोंड एकटा. तो खच्ची झाला की वेल संपली.

पाहुण्यांचे पाय भिजू नयेत म्हणून तोकुझो मामंजींनी अंगणातला बर्फ झाडून भाताचा पेंढा पसरला होता. असाकुरांनी डोळे मिटून बरगडीवरची कातडी चिमटीत धरली, केसांवर फुंकर मारली, तोंड उघडून बघितलं, मागे हात घालून अंड चाचपलं. मी चहा घेऊन दारात उभी. डोळे मिटून या माणसाला काय दिसतंय, एवढंच माझ्या डोक्यात.

"पाठ बघा," मामंजी म्हणाले. "वर चहाचा पेला ठेवा, थेंब सांडणार नाही."

"ठेवा की. पेला तुमचाच फुटेल."

मग त्यांनी मलाच हाक मारली. "सूनबाई, हात आणा इकडे." माझा हात खांद्यामागे टेकवला. कातडी सैल होती, आणि तिच्याखाली कांडलेल्या भाताच्या ताज्या मोचीच्या गोळ्यासारखं मऊ काहीतरी बोटांखाली सरकलं. रोज खरारा करूनही ते मला कधी कळलं नव्हतं.

"याला ओढ्यावर कोण नेतं?"

मी म्हटलं, मीच.

"मग सांगा, बर्फात याचं मागचं पाऊल कुठे पडतं?"

डावं पुढच्या पावलाच्या ठशात बरोब्बर बसायचं. उजवं नाही. हिवाळाभर मी ते बघत होते आणि कुणाला बोलले नव्हते. अंगण झाडलेलं, ठसे दिसणार नव्हते; ठीक पडतं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मामंजी माझ्याकडेच बघत होते. पण या माणसाने आत्ताच मला हाताने बघायला शिकवलं होतं, आणि त्या पावलाचा अर्थ तोच सांगू शकणार होता.

"उजवं चार बोटं मागे पडतं," मी म्हटलं. "आणि बाहेरच्या अंगाला."

हिला काय कळतंय, असं मामंजी पुटपुटले. असाकुरांनी खाली बसून खूर उचलला. बाहेरचं नख वाढलं होतं. खूर कोण कापतं, त्यांनी विचारलं. मामंजीच कापत. त्यांना उजव्या डोळ्याने नीट दिसत नसे आणि ते कबूल करत नसत.

"नख वाढलं म्हणून पाय वाकतोय, की पाय वाकडा म्हणून नख वाढतंय, हे आज मला सांगता येत नाही," असाकुरा म्हणाले. "दर आठवड्याला कापा. चाळीस दिवसांनी येतो."

दहा दिवस मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. खूर मात्र शेजारच्याकडून कापून घेतले. अकराव्या सकाळी मी ओढ्यावरून परतले, तर आतून आवाज आला, "आज किती?"

"तीन बोटं."

पुढे रोज विचारू लागले. तिनाची दोन झाली, दोनाचं एक.

असाकुरा परत आले तेव्हा बर्फ वितळला होता. त्यांनी किकुयोशीला शेतातल्या चिखलातून चालवलं. पावलात पाऊल पडलं. तरी त्यांनी वळू म्हणून परवानगी दिली ती फक्त आमच्या खोऱ्यापुरती, तीही एका वर्षाची.

"कापून सरळ केलेला पाय आणि जन्माचा सरळ पाय चिखलात सारखेच दिसतात. खरं काय ते वासरं सांगतील."

पुढच्या वसंतात खोऱ्यात किकुयोशीची अकरा वासरं झाली. मुरवलेला मुळा द्यायच्या निमित्ताने मी घरोघर हिंडले. नवव्या घरची मात्सुनो हसून म्हणाली, "मुळा द्यायला आलीस, की आमच्या वासराचे पाय बघायला?"

दोन्हीला, मी म्हटलं.

तिने दावं सोडलं. वासरू ओल्या अंगणातून आईकडे धावलं, तेव्हा मात्सुनोने त्याला परत आणून माझ्यासाठी सावकाश चालवलं. मी चिखलात वाकले. उजव्या अंगाला प्रत्येक ठसा एकच होता, त्याच्या मागे चार बोटांवर दुसरा नव्हता.

उरलेल्या दोन घरी मी मुळा न घेताच गेले.