टाकीखालची वायर

त्या बाई पहिल्यांदा गाडी ढकलत माझ्या गॅरेजपुढे आल्या तेव्हा मी एका स्कूटरचं मागचं चाक काढत बसलो होतो. बाई हँडल धरून पुढे, आणि त्यांच्या वीसेक पावलं मागे एक माणूस. तो दुकानांच्या शटरना हात टेकत, दर चार पावलांनी थांबत येत होता. मला वाटलं, नवरा-बायकोचं वाजलंय आणि बाईंनी त्याला रस्त्यात उतरवलंय. तसं मी बोलूनही गेलो. माझ्या जिभेला ब्रेक नाही, असं माझी बायको म्हणते.

"भांडण नाही हो मिस्त्री," तो माणूस धापा टाकत म्हणाला. "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ही एकदाही माझ्याशी धड भांडलेली नाही. तीच तर पंचाईत आहे."

बाई हसल्या नाहीत. "यांचं नऊला डायलिसिस असतं," त्या म्हणाल्या. "साडेनऊपर्यंत पोचलो नाही तर खुर्ची दुसऱ्या पेशंटला देतात. जरा लवकर बघता का?"

मी पाना टाकून उठलो. प्लगची टोपी सैल झाली होती. दाबून बसवली, किक मारली, गाडी सुरू. दोन मिनिटांचं काम. बाईंनी मला इतके धन्यवाद दिले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. तो माणूस मात्र गाडीवर बसताना माझ्याकडे बघून नुसता म्हणाला, "तुमचा हात हलका आहे." ते कौतुक होतं की तक्रार, ते मला त्या वेळी कळलं नाही.

माझं गॅरेज त्यांच्या घरापासून डायलिसिसच्या सेंटरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. त्यामुळे नंतर ते दोघं मला आठवड्यातून तीनदा दिसायला लागले. बाई पुढे ताठ बसलेल्या, मागे हा त्यांच्या खांद्याला धरून. कधी थांबून हवा भरून घेत. तेवढ्या बोलण्यातून मला त्यांचं घर कळत गेलं. तो वायरमन होता. तीस वर्षं कारखान्यांत आणि लोकांच्या घरांत वायरिंग केलेलं. चार वर्षांपूर्वी मूत्रपिंडं गेली आणि काम सुटलं. बाई शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होत्या. सकाळ मोकळी मिळावी म्हणून दुपारची पाळी मागून घेतली होती. गाडी त्याची. त्याला ती झेपेनाशी झाली तेव्हा बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, रिकाम्या मैदानात पडत-झडत गाडी शिकल्या. एकच मुलगी, ती परगावी नोकरीला.

"रिव्हर्स गिअर नाही म्हणून वैतागायची सुरुवातीला," तो एकदा म्हणाला. "मी म्हटलं, अगं, आपल्या कुणालाच नाही."

दुसऱ्यांदा गाडी बंद पडली ती फ्यूज उडून. मी नवा टाकला. पण फ्यूज असा उगाच उडत नाही. कुठेतरी वायर टेकत असणार. मी सगळीकडे हात घालून पाहिलं, काही सापडलं नाही. गाडी गेली, पण मला दिवसभर चैन पडेना. या रस्त्यावर माझं नाव आहे. माझ्याकडून गेलेली गाडी परत ढकलत आली तर मला ते लागतं.

आणि पुढच्याच आठवड्यात ती तिसऱ्यांदा आली. साडेआठ वाजले होते. बाईंच्या चेहऱ्यावर घाम. तो मागून येऊन माझ्या स्टुलावर बसला. हातात पाण्याची छोटी बाटली; दिवसभरात किती प्यायचं ते मापून ठरलेलं, त्यामुळे तो ती उघडायचा, ओठ ओले करायचा आणि पुन्हा झाकण लावायचा.

"आज कारण सापडल्याशिवाय मी गाडी सोडणार नाही," मी म्हणालो. "पाहिजे तर टॅक्सी बोलवा, पण गाडी इथे ठेवा."

"बघा तुम्ही," बाई म्हणाल्या. "नाहीच जमलं तर बोलावते." त्या कडेला जाऊन सेंटरला फोन करत होत्या, थोडा उशीर होईल, खुर्ची धरून ठेवा म्हणून.

मी सीट काढली, पेट्रोलची टाकी उतरवली. टाकीखालून वायरींचा जुडगा जातो. त्यातली एक कॉइलकडे जाते. ती तुटली की इंजिन गप्प. तिच्यावर एका जागी काळी टेप होती. ही टेप माझी नव्हती. मी ती अलगद सोडवली, आणि मला एवढा आनंद झाला की काय सांगू. दोन महिन्यांचा चोर हातात सापडल्यासारखा.

"ताई, इकडे या," मी हाक मारली. "सापडलं."

बाई फोन कानावरून खाली घेत आल्या.

"ही वायर घासून तुटलेली नाही. कापलीय. कुणीतरी ब्लेडनं आतल्या सगळ्या तारा कापून दोनच शिल्लक ठेवल्यात आणि वरून टेप लावलीय. म्हणजे घरून निघताना गाडी सुरू होणार आणि रस्त्यात हादरे बसले की तुटणार. हा कुणाचा तरी खोडसाळपणा आहे. गाडी रात्री बाहेर असते का तुमची?"

"जिन्याखाली असते. कुलपात." बाई म्हणाल्या. "कोण करेल असं?"

"ते मला काय माहीत? पण जो कोणी आहे तो अडाणी नाही. टेप बघा ना. प्रत्येक पदर निम्म्यावर निम्मा, कुठे सुरकुती नाही. इतकी सफाई माझ्या हातालाही नाही. सगळं आयुष्य यात घालवलेल्या माणसाचं काम आहे हे."

बाई वाकून टेपकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वळवली आणि नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या पाठोपाठ मीही पाहिलं. तो बाटलीचं झाकण लावत होता, ते लागलेलं असूनही पुन्हा पुन्हा फिरवत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोपर्यंत माझं सगळं बोलून झालं होतं.

रस्त्यावरून गाड्या जात होत्या.

"प्लगची टोपी?" बाईंनी विचारलं.

त्यानं मान हलवली.

"आणि फ्यूज?"

"तोही मीच."

"अहो, मग मला सांगायचं ना."

"सांगितलं होतं गं. दोनदा. पहिल्यांदा तू म्हणालीस, उद्या मऊ भात करते. दुसऱ्यांदा उठून कपाट आवरायला लागलीस." तो हळू आवाजात बोलत होता, चिडून नाही. "आणि सकाळी पाहिलं तर तू गाडी पुसून दारात उभी. मला वाटलं, एखादा दिवस चुकला, मग दुसरा चुकला, की हे डायलिसिस आपोआप सुटेल. तुला सांगावं लागणार नाही."

"मी काही कमी केलं का?"

"कमी केलं असतंस तर सोपं गेलं असतं." त्यानं बाटली खाली ठेवली. "चार वर्षं झाली. तिथून आलो की त्या दिवशी मेल्यासारखा पडून असतो. दुसऱ्या दिवशी जरा माणसात येतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा चपला घाल. थकलो मी. तुझ्यासाठी म्हणत नाही, उगाच तसं समजू नकोस. माझ्यासाठीच म्हणतोय."

मी गुडघ्यांवर बसलेला, तोंड गाडीत घातलेलं. तिथून उठून कुठेतरी निघून जावं असं वाटत होतं, पण गॅरेज माझंच. हात सवयीनं चालत होते. वायर सोलली, पीळ दिला, कथलाचा डाग दिला, टेप लावली, टाकी बसवली. गाडी तयार झाली तेव्हा नऊला पाच मिनिटं कमी होती.

"झाली," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

बाईंनी मोबाइलवर वेळ पाहिली. "पोचतो आपण," त्या म्हणाल्या.

आणि तो उठला. गाडीजवळ आला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय पलीकडे टाकायला लागला. पाय सीटपर्यंत उचलेना. पुन्हा प्रयत्न केला. तो नाही म्हणाला असता, रागावला असता, तर बाईंनी त्याला नेलं असतं, माझी खात्री आहे. पण तो निमूटपणे पाय उचलत राहिला आणि बाई ते बघत राहिल्या.

"घरी जायचं का?" त्यांनी विचारलं.

त्यानं वर पाहिलं नाही. फक्त होकारार्थी मान हलवली.

बाईंना किक बसेना. तीन वेळा पाय घसरला. शेवटी मी किक मारून दिली आणि त्याला धरून मागे बसवलं. हातात वजनच नव्हतं. सेंटरला उजवीकडे जायचं, त्यांच्या घराला डावीकडे. बाई रस्त्याच्या तोंडाशी गाडी सुरू ठेवून कितीतरी वेळ थांबल्या. मागच्या एका गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मग त्या डावीकडे वळल्या.

घरी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसायला हवं होतं." थोड्या वेळानं भांडी आवरताना म्हणाली, "पण मग ती बाई त्या बिचाऱ्याला ओढत नेत राहिली असती." आणि झोपायच्या आधी पुन्हा, "तरी गप्प बसायला हवं होतं."

ती जोडी मला नंतर दिसली नाही. मी रोज सकाळी त्या बाजूला तोंड करून काम करायचो. महिना गेला. मग एक दिवस दुपारी बाई एकट्याच गाडीवरून आल्या. मी गाडीकडे पाहिलं.

"गाडीला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "त्या दिवसानंतर नऊच दिवस होते ते."

मी हात पुसले, काही बोललो नाही. या वेळी तरी.

"पहिले चार-पाच दिवस फार छान गेले. खरंच. जे पाहिजे ते खाल्लं, घरातली विजेची सगळी बटणं दुरुस्त केली, माझ्याशी भांडलेसुद्धा." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू गुंगी येईल, झोपेत जातील. तसं नाही झालं. छातीत पाणी झालं. आडवं होता येईना. शेवटच्या दिवशी मला म्हणाले, गाडी काढ."

"मग?"

"काढली. वर येऊन बघते तर उठताच येईना त्यांना. अॅम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत…" त्या थांबल्या. "भ्रमात म्हणाले की खरंच जायचं होतं, मला कळलं नाही. आता कुणाला विचारू?"

मी त्यांना पाणी दिलं, ते त्यांनी हातात तसंच धरून ठेवलं.

"मी कुणाला दोष द्यायला आले नाही," त्या म्हणाल्या. "एक काम होतं. मुलीला वाटतं, मी कंटाळले म्हणून नेणं बंद केलं. तेराव्या दिवशी निघून गेली, तेव्हापासून धड बोलत नाही. मी तिला वायरीचं सांगितलं, तिला खोटं वाटतं. म्हणते, स्वतःला वाचवायला काहीही रचतेस. तुम्ही सांगाल का? तुम्ही परके आहात. तुमचं ऐकेल."

त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून "बोल" असा कोरडा आवाज आला. मी म्हणालो, मी आई नाही, मी गॅरेजवाला. तुमच्या बाबांची गाडी माझ्याकडे यायची. मग मी जमेल तसं सांगितलं. टोपी, फ्यूज, कापलेली वायर, टेप, आणि ते स्टुलावर बसून काय बोलले ते. मध्ये ती एकदाही बोलली नाही. मला वाटलं, पोचतंय.

"झालं तुमचं?" तिनं विचारलं.

"हो."

"बाबांना थांबायचं असतं तर त्यांनी मला सांगितलं असतं. तुम्हाला आईनं काय सांगायला लावलं ते मला कळलं." फोन बंद झाला.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणाली?"

खोटं बोलावं असं फार मनात आलं. ऐकलं तिनं, वेळ लागेल म्हणाली, असं काहीतरी. पण ते पटेल असं सांगायची अक्कल मला नाही. मी तिचं वाक्य तसंच्या तसं सांगितलं.

बाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "दुपारची पाळी आहे," म्हणाल्या आणि उठल्या. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

त्यानंतर, बाईंकडून मागून घेतलेल्या नंबरवर, मी माझ्या फोनवरून त्या मुलीला दोनदा फोन केला. पहिल्यांदा तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदा नंबर लागलाच नाही.