ज्ञानूच्या हातातला पट्टा

मी एक पट्टा आहे. कमरेचा नव्हे, घड्याळाचाही नव्हे. बर्फावरून स्कीवर घसरत जाणाऱ्यांच्या दोन्ही हातांत काठ्या असतात. तसल्याच एका काठीच्या मुठीला मला बांधलंय. माणसाची पकड सुटली तरी काठी हातातून जाऊ द्यायची नाही, हे माझं काम. म्हणूनच सांगतो, माझ्यावर फार विसंबू नका. काही गोष्टी वेळेवर सुटलेल्याच बऱ्या असतात.

माझा मालक नाथाजी. वडूजजवळच्या गावचा, फौजेतला हवालदार. काश्मिरात बर्फावरचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा त्यानं ही काठ्यांची जोडी श्रीनगरच्या बाजारातून स्वतःसाठी घेतली. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्यात वरून हात खुपसला. शिकवणाऱ्या उस्तादांनी तो बाहेर काढायला लावला.

"हात खालून वर घाल. मग पट्ट्यासकट मूठ धर. भार पट्ट्यावर येतो, बोटं आखडत नाहीत. आणि झाडीत शिरताना हात बाहेर. काठी अडकली तर काठी जाऊ दे."

नाथाजी हे शिकला. ज्याला त्याला शिकवूही लागला. पण मी प्रत्येक हाताकडे संशयानंच बघायचो. शिकलेलं माणूस उतारावर विसरतं, हे मी पाहिलं होतं.

त्याच्या तुकडीत जतचा ज्ञानू होता. दोघांची जेवणाची ताटंसुद्धा शेजारी. एका सकाळी ज्ञानूच्या काठीचा पट्टा तुटला. नाथाजीनं आपल्या काठ्या त्याला दिल्या, त्याच्या स्वतः घेतल्या आणि स्वतःच्या हातानं मला ज्ञानूच्या उजव्या मनगटावर आवळलं. उतारावर नाथाजी मागे होता. वारा जोराचा होता. खाली देवदारांची झाडी आली, ज्ञानू वेगात आत शिरला आणि काठीचं टोक एका झाडाच्या मुळात अडकलं. तो पुढे गेला, त्याचा हात माझ्यात मागे राहिला. अंगठा मुळापासून उलटा फिरला.

ऑपरेशन झालं, पण त्या अंगठ्याला पुन्हा जोर आला नाही. ज्ञानूची बदली भांडारात झाली, पुढे तो लवकरच घरी गेला. नाथाजी त्याला भेटला नाही. ज्ञानूचा फोन आला तरी तो बघत बसायचा, उचलायचा नाही.

निवृत्त झाल्यावर नाथाजीनं मला गावी आणलं आणि खुंटीला अडकवलं. तिथं मी सात वर्षं होतो.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोचे, हरणाबाईचे गुडघे दुखायला लागले. टेकाडावरच्या रानात जायला तिनं काठी घेतली आणि मनगटाला माझे दोन वेढे दिले. नाथाजीनं ते पाहिलं.

"हात काढ त्यातनं."

"का? साप हाय व्हय त्यो?"

दुसऱ्या दिवशी तो कात्री घेऊन आला. हरणाबाईनं काठी पाठीमागं धरली.

"आवं, आदी सांगा. मग कापा."

तेव्हा कुठं त्यानं सांगितलं. शेवटी म्हणाला, "झाडी आल्यावर मी हात काढ म्हणून वरडलो का न्हाई, त्येच मला आठवत न्हाई. ज्ञानूला ठावं आसंल. का वरडला न्हाईस, आसं इचारायला फोन करत आसंल."

"मग इचारू द्या की," म्हणून हरणाबाईनं तिथल्या तिथं फोन लावला आणि त्याच्या कानाला धरला.

ज्ञानूचा आवाज मी लगेच ओळखला.

"नाथाजी? आरं गड्या, मला वाटलं माज्यावरच राग हाय तुजा. तुजी काठी वाकडी केली म्हणून."

नाथाजीनं विचारलं. पलीकडे ज्ञानू आधी नुसताच खाकरला.

"वरडलास की रं. चांगला दोनदा वरडलास. मीच हात काढला न्हाई. परत घालायचा कटाळा."

नाथाजी उंबऱ्यावर बसला. त्यानं कात्री बाजूला ठेवली. मग हरणाबाईचा हात घेऊन, खालून वर, माझ्यातून नीट घातला.

"चढताना आसा. उतरताना हात भायेर. काटीबिटी अडकली तर सोडून द्यायची."

आता मी रोज टेकाड चढतो. कडेची शिवण उसवलीय, कापड मऊ पडलंय. ज्ञानू दोनदा येऊन गेला. डाव्या हातानं कप धरून चहा पितो, जुन्या गोष्टी काढून दोघं हसतात. मला मात्र त्यानं हात लावला नाही.

तुम्हीही कुठं अशी काठी धराल, तर हात खालून घाला. झाडी दिसली, उतार अवघड वाटला, तर मला मनगटावर ठेवू नका. आणि आणखी एक विनंती. त्या सकाळी मी ज्ञानूच्या मनगटावर होतो. झाडीत शिरेपर्यंत मागून एकही हाक आली नव्हती. एवढं मात्र नाथाजीच्या कानावर घालू नका.