उन्हाची खोली

अण्णा पडले ते कुंडी बदलतानाच. गुलाबाची मुळं हातात आणि तोंड मातीत. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या तेव्हा नवऱ्याचा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलायला जीभ उचलत नव्हती. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "खोली कोरडी हवी, उजेडाची हवी. नाहीतर छाती भरेल."

वहिनींनी मान डोलावली आणि घरी आल्यावर खाट मागच्या खोलीत टाकायला सांगितली.

"वहिनी, तिथं भिंतींना ओल आहे," खाट उचलू लागलेला शेजारी म्हणाला. "पुढं टाकू की. छान ऊन येतं."

"पुढं त्यांची रोपं आहेत. उठबस करायला जागा नाही, आणि कुंड्या हलवलेल्या त्यांनाच चालायच्या नाहीत."

शेजाऱ्याला ते पटलं. अण्णांचं रोपांचं वेड सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

स्वयंपाकघर सोडलं तर घराला खोल्या दोनच. पुढची दिवसभर उन्हात न्हायची. तिच्या खिडक्यांत निवडुंग, गॅलरीत गुलाब, गॅलरीच्याच सावलीच्या कोपऱ्यात फर्न, आणि या सगळ्यांच्या मधे अण्णांची अरुंद खाट. मागची खोली न्हाणीघराला चिकटून. तिथं कपाटातले कपडेही कुबट व्हायचे. ती वहिनींची आणि लेकीची.

फर्नला ऊन लागलं की कडा करपतात, गुलाबाला सावलीत ठेवलं की तो नुसता पाला काढतो, निवडुंगाला पाणी हात आखडूनच द्यायचं. अण्णा हे आल्यागेल्याला इतक्या मायेनं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या पोटी जन्माला यायला भाग्य लागतं.

ज्या पोरीला ते भाग्य लाभलं तिची छाती शाळेत जायच्या वयातच वाजायला लागली. तेव्हा वहिनींनी एकदा, एकदाच, विचारलं होतं, "हिला पुढं झोपवू का? दोन कुंड्या जरा सरकवल्या तर जागा होईल."

"कुंड्या हलवल्या की मुळं दुखावतात," अण्णा म्हणाले होते. "माणसाचं काय, माणूस कुठंही रुजतं."

लेक वहिनींच्या मांडीवर बसून धापा टाकत मोठी झाली, नोकरी लागताच परगावी गेली, आणि पुन्हा या छपराखाली झोपायला आली नाही.

आता अण्णा मागच्या खोलीत होते, आणि वहिनींना कुणाला काही विचारायचं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी फर्न उचललं आणि भर दुपारच्या उन्हात कठड्यावर ठेवलं. गुलाब न्हाणीघरात नेले. निवडुंगांना सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घातलं. चारच दिवसांत फर्न कागदासारखं वाजायला लागलं. वहिनी ती कुंडी मागे घेऊन गेल्या आणि अण्णांच्या डोळ्यांसमोर धरली.

अण्णांच्या घशातून घरघर निघाली. "न... न..."

"हो, कळलं मला. ऊन सोसत नाही त्याला," वहिनी म्हणाल्या. "होईल सवय."

अण्णांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. वहिनींनी ते पदरानं हलक्या हातानं टिपलं, कुंडी परत उन्हात नेऊन ठेवली, आणि त्या रात्री त्यांना कधी नव्हे ती गाढ झोप लागली.

मग हा नेमच झाला. बुडातून सडलेला निवडुंग त्यांनी ताटलीत घालून आणला. बोट लावलं तर आतून पाणी सुटत होतं. गुलाबाची पिवळी पानं त्या खाटेशी बसून एकेक करून खुडत. नणंद भेटायला आली तेव्हा हे दृश्य बघून म्हणाली, "सेवा करावी तर अशी. त्याची रोपंसुद्धा उशाशी आणून दाखवतेस."

"त्यांना बघितल्याशिवाय करमत नाही," वहिनी म्हणाल्या.

लेक आली ती नणंदेनं फोन केला म्हणून. बॅग खाली न ठेवता ती पुढच्या खोलीभर फिरली. एक कुंडी, मग दुसरी. मग तिनं मागच्या खोलीच्या उंबऱ्यावरून आत पाहिलं. अण्णांनी डावा हात उचलला. ती आत गेली नाही. तिला सगळं समजलं होतं, आणि वहिनी वाट बघत होत्या. काय म्हणेल? निदान जवळ येईल, खांद्यावर हात ठेवेल.

"सगळ्या कुंड्या हलवल्यास तू," लेक म्हणाली.

"हो. एकटीनं."

"मग जड नव्हत्या म्हणायच्या."

वहिनींना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावला. "त्यांच्यापुढं माझं काही चालायचं का गं तेव्हा?"

"ते दिवसभर कामावर असायचे, आई." लेकीचा आवाज चढलाही नव्हता. "तुला भीती वाटायची, ते मला माहीत आहे. पण श्वास माझा अडकायचा."

तिनं करपलेलं फर्न उचललं, मुळाशी बोटानं चाचपून पाहिलं, "मुळं जिवंत आहेत," म्हणाली आणि पिशवीत घातलं. दारातच चपला घातल्या. चहासाठी ठेवलेल्या आधणाखालचा गॅस वहिनींनी बंद केला.

संध्याकाळी भरवताना त्यांनी अण्णांना सांगितलं, "फर्न नेलं तिनं. मुळं जिवंत आहेत म्हणे."

अण्णांचं अर्धं तोंड हसलं. लेक आपल्याकडे आली नाही, याचं त्यांना काही नव्हतं. फर्न वाचलं होतं. वहिनींनी चमचा जरा जोरातच दातांवर आपटला.

अण्णा मेले नाहीत. छाती भरायची, डॉक्टरीणबाई औषध द्यायच्या, छाती मोकळी व्हायची. वर्षं तशीच निघाली. रात्री त्यांना कुशीवर वळवायला कुणीतरी जवळ लागे, म्हणून वहिनींनी आपलं अंथरूणही तिथंच, ओल्या भिंतीशी घातलं. रोपं एकेक करून मेली आणि पुढची खोली रिकामी पडली. दिवसभर ऊन फरशीवरून सरकायचं आणि संध्याकाळी निघून जायचं. "वहिनी, तुम्ही तरी पुढं झोपा," शेजारी म्हणाला, तेव्हा वहिनींना खोकल्याची उबळ आली.

लेकीचा फोन येत नसे. अधूनमधून फर्नचा फोटो यायचा, खाली एक अक्षर नसायचं. कोवळे, वळलेले कोंब, मग उलगडलेली पानं. फोन वाजला की अण्णा मान वळवून बघायचे. वहिनी फोटो आपल्यापुरता पाहून घ्यायच्या, फोन पालथा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "कुणाचा नाही. तोंड उघडा."