पुष्पाज् किचन

मंगरू लेकीकडे दिघोरीला गेला आणि माझ्या व्रताची पंचाईत झाली.

व्रत तसं साधंच. देवपूजा झाली, स्वयंपाक झाला, की बाहेरच्या एका माणसाला जेवू घालायचं आणि मगच आपण तोंडात घास घालायचा. सासूबाईंनी जाताना ते माझ्या ओटीत टाकलं. त्याला अटी दोन. माणूस आपल्या पायांनी दारात आला पाहिजे. हाक मारून, निरोप धाडून आणलेला चालत नाही. आणि जेवायला म्हणून जो दारात आला, मग तो एकटा असो की गाडीभर, तो उपाशी परत जाता कामा नये. सगळे उठले की मग घरची बाई बसणार.

मंगरू तलावावर सोसायटीच्या मासोळ्यांची राखण करतो. दुपारी घरी जायची त्याची वाट आमच्या दारावरूनच. "बाई, जेवल्या का?" असं तो रोज विचारतो, मी रोज "नाही" म्हणते, आणि तो पायरीवर चप्पल काढतो. आमचे हे, गोमाजी, यांना त्यात देवधर्म कमी आणि मंगरूच जास्त दिसतो. "त्या मंगरूले तुह्या व्रतात नोकरीच लागली व," म्हणतात. "आता पेन्शन बी देशीन."

तर त्या दिवशी मंगरू नव्हता. मी चौकटीला टेकून सडकेकडे पाहत उभी. धानाची मळणी उरकलेली, शेतातल्या बांध्या रिकाम्या, सानगडीच्या सडकेवर चिटपाखरू नाही. सून गुंजन दोनदा म्हणाली, "आई, निदान चहा तरी घ्या." तेवढ्यात माडीवरून हानेके आणि योरिस खाली उतरले.

हे दोघं नवरा-बायको हॉलंडचे, आमचे भाडेकरू. हानेके आमच्या भागातल्या तलावांवर हिवाळ्यात उतरणारे पक्षी मोजायला वर्षभरासाठी आली होती. योरिसची नोकरी लॅपटॉपमध्ये होती आणि लॅपटॉप आमच्या माडीवर. राहायला येऊन महिना होत आला, पण आमच्या घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्याकडे जेवणाच्या वेळी कुणाच्या दारात न विचारता जाणं म्हणजे चोरीच्या खालोखाल, असं गुंजनने मला समजावलं होतं. गुंजन इंग्रजी शाळेत शिकवते, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं तिच्यामार्फत. आज त्यांचा गॅस संपला होता, सिलिंडर कुठे मिळतो एवढंच विचारायला ते आले होते.

मी म्हटलं, "बसा."

वरण, भात, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. योरिसने चटणी श्रीखंडासारखी चमच्याने खाल्ली आणि मग तांब्याभर पाणी प्यायला. नाक पुसून झाल्यावर त्याने पाकीट काढलं. मी हात जोडले. त्याने पाकीट ठेवलं, परत काढलं. मी परत हात जोडले.

"पाकीट आत टाक म्हना त्याले," हे म्हणाले. "दोघं नमस्कार-चमत्कारच करून राह्यले कवाचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हानेके फोनमधलं कॅलेंडर उघडून दारात उभी. पुढच्या गुरुवारी साडेबाराला जेवायला आलं तर चालेल का, असं गुंजनकरवी विचारलं. मी म्हटलं, "विचारून येऊ नका. नुसतं या." हे काही त्यांना उमगलं नाही. माडीवर त्यावर पुष्कळ वेळ चर्चा चालली आणि शेवटी ते आलेच नाहीत.

मंगरू दुसऱ्याच दिवशी परतला होता, माझं पुन्हा सुरळीत झालं. हानेके मात्र दुपारी तलावावरून येताना रोज मला दारात उभी पाहायची. तिला थोडं मराठी यायला लागलं होतं. "कोणी आलं?" विचारायची. मी म्हणायची, "अजून नाही." मग मंगरू दिसायचा, माझा चेहरा खुलायचा, आणि हानेके जिन्यावरून ते सगळं पक्षी पाहावेत तसं टक लावून पाहायची.

सुट्टीच्या दिवशी दोघं फिरायला निघायची. एसटीने लाखांदूरला, कधी नवेगावला, कधी नुसतंच शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत. परतले की जे पाहिलं ते फोनमधल्या नकाशावर चढवायचं. सानगडी त्यांच्या नकाशात फार रिकामी होती आणि ते योरिसला सहन होत नव्हतं. त्याने किल्ला टाकला, एसटीचा थांबा टाकला, पिठाची गिरणी टाकली, शेजारच्या कौशल्याबाईंचं किराणा दुकान फोटोसकट टाकलं.

"माह्या म्हशीले बी टाक म्हना," हे म्हणाले. "लोकं भेटाले येतीन."

मग एका रविवारी मोटारसायकलवर नागपूरची दोन पोरं आली. हेल्मेट काढून एकाने विचारलं, "काकू, पुष्पाज् किचन हेच ना?"

पुष्पा मी, आणि किचनही माझंच. मी "हो" म्हणाले.

"लई भूक लागली. काय आहे आज?"

आपल्या पायांनी दारात आलेले. मी पाटच मांडले. जेवून त्यांनी बिल मागितलं, मी हात जोडले, ते एकमेकांकडे पाहत गेले. त्यांच्यामागे चारचाकी आली. दुसऱ्या दिवशी दोन. कौशल्याबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अवो पुष्पाबाई, हाटेल टाकलं तं सांगाचं नाई का? तेल-मीठ माह्याच दुकानातून नेलं असतं ना माय."

गुंजनने फोन काढला आणि तिथेच ओट्यावर बसली. नकाशात आमचं घर होतं. वर काटा-चमच्याचं चित्र, खाली पाचातले साडेचार तारे, आणि ते पहिल्या दिवशी आमच्याकडे जेवले तेव्हा काढलेले फोटो. एका फोटोत हे बनियनवर, खांद्याला टॉवेल, पाठ खाजवताना. त्याखाली लिहिलेलं, 'हसतमुख मॅनेजर.'

"कोन मॅनेजर?" हे आधी चिडले. मग फोन हातात घेऊन जरा लांब धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी इस्तरीचा शर्ट घालून बसले.

खाली लोकांनी लिहिलेलं गुंजन वाचत गेली. 'चव अगदी घरच्यासारखी.'

"घरचीच हाय ना बे!" हे म्हणाले.

'मालकीणबाई फार हळू बोलतात, मेनू ऐकूच येत नाही, पण वाढतात भरपूर.' 'जेवणाआधी घंटा आणि आरती. लाइव्ह म्युझिक आवडलं.' 'पनीर नाही. एक तारा.'

"पनीर!" हे गोठ्याकडे वळून म्हणाले. "ऐकलं का व म्हशी?"

गुंजन म्हणाली, "आई, हे योरिसचं काम आहे. मी आत्ता जाऊन काढायला सांगते." मीच तिला अडवलं. पोरांनी कौतुकाने केलं होतं. गाडीचा आवाज आला की हानेके माडीच्या कठड्यावरून वाकून पाहायची आणि मला अंगठा दाखवायची, इतकी खूश. शिवाय येणारा अतिथीच ना? त्याला देवाने धाडलं की फोनने, हे विचारणारी मी कोण?

पण अतिथी सगळे उठल्याशिवाय मी बसायची नाही, हे फोनला ठाऊक नव्हतं. आधी माझं जेवण दोनला व्हायचं, मग तीनला. रविवारी तर सांजवातीची वेळ झाली तरी ओट्यावर दोघं जण भिवापुरी मिरचीचा ठेचा चाटत गप्पा मारत होते. मी आत भांड्यांशी हळू आवाजात जप करत होते. त्या दिवशी जपाच्या मध्येच मला भजी दिसू लागली.

साकोलीहून मुलाचा, कैलाशचा, फोन आला. "आई, बस झालं आता. व्रत सोडून दे. देव काही रागावत नाई."

"देव नाही रागावणार," मी म्हटलं, "सासूबाई रागावतील."

हे त्या रात्री थट्टा न करता म्हणाले, "पाह्य, एक तं व्रत जाईन नाईतं तू जाशीन. मले दोन्ही नाई पाह्यजे." मग गुंजनला म्हणाले, "मले बी लिहिता येते ना तेच्यावर? लिही. येथचं बेसन लई तिखट हाय. डोऱ्यातून पानी येते, मानूस रडत घरी जाते. कोनी येऊ नोका."

गुंजनने लिहिलं. दुसऱ्या दिवशी पवनीहून एक टोळकं खास ते बेसन, म्हणजे आमचं पिठलं, खायला आलं. जेवून, रडून, त्यांनी मॅनेजरसोबत फोटो काढला. मंगरू तेवढा कधीचा येईनासा झाला होता.

शेवटी ज्या दिवशी घडायचं ते घडलं, त्या दिवशी अंगणात दोन पंगती बसल्या होत्या. मी भाताचं पातेलं घेऊन वळले आणि अंगण माझ्याभोवती फिरलं. पातेलं सांभाळलं, आणि तशीच पायरीवर बसले. नेमकी त्याच वेळी हानेके आणि योरिस एक लांबट पाटी घेऊन फाटकातून आत आले. साकोलीच्या पेंटरकडून रंगवून आणलेली, हिरवी पाटी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत पुष्पाज् किचन आणि कोपऱ्यात एक बगळा. नवीन वर्षाची भेट. मला देण्यासाठी हानेकेने ती पुढे केली आणि मग माझं तोंड पाहिलं.

"आजारी?"

"उपाशी," गुंजन म्हणाली. आणि मग मी अडवायच्या आत तिने इंग्रजीत सगळं सांगून टाकलं.

मला शब्द कळत नव्हते, पण हानेकेचा चेहरा कळत होता. आधी गोंधळला, मग लाल झाला, मग डोळे भरले. ती भराभर बोलू लागली, आणि गुंजन सांगता सांगता हसू की रडू करत होती. "आई, त्यांना वाटलं तुमची खानावळ आहे. चालत नाही. बाई रोज दारात उभी राहून गिऱ्हाईकाची वाट पाहते. दिवसभरात गिऱ्हाईक एकच येतं, आणि तेही मंगरूकाका, पैसे न देणारे. शिवाय बाई इतकी भिडस्त की बिल मागायला लाजते. अशानं हे लवकरच बंद पडेल, म्हणून यांनी मदत केली."

हे खांबाला धरून हसत सुटले. "मंगरू गिऱ्हाईक! अन् व्रताले समजले हाटेल!" त्यांचं पाहून पंगतही हसली, पण त्यांच्यात एक जाणती बाई होती, तिने पदर खोचून पातेलं माझ्या हातून घेतलं आणि उरलेलं तिनेच वाढलं.

योरिस तिथेच उकिडवा बसून फोनवर काहीतरी दाबत होता. मग फोन त्याने गुंजनपुढे धरला. आमच्या घराखाली लाल अक्षरं आली होती, 'कायमचं बंद.' हानेकेने पाटी उचलली आणि अक्षरं भिंतीकडे करून माडीवर नेली.

दुसऱ्या दिवशी मी शांतपणे पूजा केली, हरभऱ्याची भाजी, वरण, भात केला आणि दारात येऊन उभी राहिले. बारा वाजले. कुणी नाही. एक वाजला. गाड्या सरळ नवेगावला निघून गेल्या. मंगरूही नाही. कौशल्याबाई म्हणाल्या, तो आताशा बांधावरूनच घरी जातो, कारण "त्यायच्या हाटेलात आता मोठे लोकं येतेत, आपन काहून अडचन करा."

निरोप धाडता येत नव्हता. हाक मारता येत नव्हती. हे सडकेवर जाऊन उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहून नुसते खोकायचे. एक सायकलवाला थांबला, म्हणाला, "काका, अडुळसा घ्या," आणि गेला.

माडीवर दोघं होती, पण खाली यायची नाहीत. लाजेने मेली होती बिचारी. गुंजनने सकाळी पाहिलं होतं, पावावर लोणी आणि साखरेच्या बारीक गोळ्या पसरून खात होती.

"मी जाऊन सांगू?" गुंजन म्हणाली.

"नाही. आपल्या पायांनी यायला हवं."

गुंजनने वरणाच्या पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं. मग म्हणाली, "आई, हाक मारायची नाही, हे आहे. पण फोडणी द्यायची नाही, असं काही आहे का?"

मी देवाकडे पाहिलं. देव काही बोलला नाही. वरणाला एक फोडणी झालीच होती. दुसरी दिली तर वरणाचंही काही बिघडत नाही. मी शेगडी माडीच्या खिडकीखाली, अंगणात आणली. तेल तापलं, मोहरी तडतडली. भिवापुरी मिरच्या हातून जरा जास्तच पडल्या. धूर सरळ वर गेला.

वर आधी एक शिंक आली, मग दुसरी, मग खुर्ची सरकली. सडकेवर हे आता खरोखरचे खोकत होते.

जिन्यावर पावलं वाजली. मध्येच थांबली. परत वर गेली. मग पुन्हा खाली उतरू लागली, या वेळी चार पायांची. हानेके दारात आली. हातात फोन होता, कॅलेंडर उघडलेलं. तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फोन खिशात टाकला.

"पुष्पाबाई," ती म्हणाली, "भूक लागली."

मी पाट मांडले. हानेके खाली मान घालून इतक्या झपाट्याने जेवू लागली की मला भीती वाटली, घास अडकेल. योरिसने भातासाठी हात पुढे केला, तर तिने त्याच्या मनगटावर चापट मारली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "बाई उपाशी!"

"पोटभर जेवा," मी म्हटलं आणि त्याला भात वाढला. "घाईनं जेवलेला अतिथी चालत नाही."

गुंजन माझ्याकडे पाहत राहिली. "आई, ही अट कधीपासून?"

"आजपासून."

ते दोघं ताक पिऊन उठले. मी माझं ताट घेतलं, भाताचं पातेलं जवळ ओढलं. तेवढ्यात फाटक वाजलं. मंगरू. मागे हे, त्याच्या खांद्यावर हात टाकून, डोळे पुसत.

"हाटेल बंद झालं म्हनते लोकं," मंगरू दाराशी थांबून म्हणाला. आत सगळीकडे नजर फिरवून त्याने खात्री करून घेतली. "बाई, जेवल्या का?"

मी हातातलं ताट त्याच्या पाटापुढे ठेवलं.

"नाही," मी म्हणाले.

मंगरूने पायरीवर चप्पल काढली.