मलिद्याचा थाळा

मित्रांनो, मी पितळेचा थाळा. जुना, काठाला पोचा आलेला. पण घासलंत तर अजून लखलखतो. पेणच्या तांबटाने मला ठोकून घडवलं. हन्नाबाईंचं लग्न झालं, तेव्हा त्यांच्या माहेरच्या भांड्यांबरोबर मी ग्वाल्हेरला, दौलतगंजात आलो.

हन्नाबाई कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे यहुदी. बोलणं मराठी, नेसणं नऊवारी, पण घरात देवाची मूर्ती एकही नाही! माझं डोकं चक्रावायचं. मग नैवेद्य दाखवायचा तरी कोणाला?

मागच्या मोठ्या लढाईत त्यांचे यजमान रूबेनजी फौजेबरोबर बसऱ्याला गेले. हन्नाबाईंनी नवस केला, की हे सुखरूप परतले तर एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या, नावाने मलिदा करीन. रूबेनजी परतले. प्रार्थनेला झाशीहून नातलग आले, संध्याकाळच्या गाडीने ते जाणार होते.

शेजारच्या विजयाबाई हौसेने मदतीला आल्या. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलदोडा माझ्यात कालवले. कडेने फळं, वर सब्ज्याची डहाळी.

हन्नाबाई म्हणाल्या, "पूर्वी यरुशलेमला आमचं मंदिर होतं. तिथे पिठा-तेलाचं अर्पण व्हायचं. मंदिर गेलं, म्हणून त्याची आठवण हा मलिदा. झाडाचं फळ, जमिनीचं फळ, सुगंध, एकेकासाठी देवाचे आभार मानायचे, मग खायचं."

"समजलं बिल्कुल!" विजयाबाई म्हणाल्या. कसलं समजलं! मला तरी कुठे समजलं होतं?

हन्नाबाई लुगडं बदलायला आत गेल्या. विजयाबाईंना वाटलं, बिचारी घाईत नैवेद्यच विसरली. त्यांनी मला उचललं आणि थेट आपल्या देवघरात नेलं. पाण्याचं मंडल, तुळशीपत्र, घंटा! खरं सांगतो, मी फुशारलो.

परत आणलं, तर हन्नाबाईंची नजर तुळशीपत्रावर गेली. चेहरा पांढराफटक.

"विजयाबाई, हे काय केलंत हो? मूर्तीपुढे ठेवलेलं आम्हाला चालत नाही. माझा नवस…"

"अगं, मी चांगल्यासाठीच…" दोघी रडायला लागल्या आणि मी मधोमध. पोहे तेच, नारळ तोच, मग बिघडलं काय? माझी चूक झाली का? मला काही म्हणता काही कळेना.

डोळे पुसून आधी उठल्या त्या विजयाबाईच. "गाडीला वेळ आहे ना? फिकर नको करूस." तो मलिदा त्यांनी आपल्या पातेल्यात काढला, प्रसाद म्हणून घरी ठेवला. मला चिंचेने घासघास घासलं, नवे पोहे भिजवले, नवा नारळ फोडला. मग हात मागे बांधून ओसरीवर उभ्या राहिल्या, जणू पुन्हा हात लावायची भीतीच बसली होती. प्रार्थना झाली. हन्नाबाईंनी पहिली मूठ त्यांच्याच ओंजळीत घातली.

पुढे रूबेनजींची बदली झाली. जाताना हन्नाबाईंनी मला विजयाबाईंच्या हाती दिलं. आता त्यांची सून वनमाला मला उचलते आणि गोंधळते, "सासूबाई, याला देवघरात ठेवू की चौक्यात, चुलीपाशी?" मलाही ते सांगता येत नाही.

मित्रांनो, जुनं भांडं अडगळीत टाकण्याआधी ते कोणाचं, कशासाठीचं, एवढं विचारा. आणि दुसऱ्याच्या ताटाला हात लावण्याआधीही विचारा.

रूबेनजी ज्या तारखेला परतले, त्या तारखेला विजयाबाई दर वर्षी मलिदा करतात. वनमाला सवयीने घंटा उचलते, तशा त्या तिचा हात धरतात.

"हा दाखवायचा नाही, बाई. हा हन्नाचा आहे."