आपल्या वाटचा प्रश्न

केंडल विलेंगा अकरा वर्षांचा असताना माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात मी मुलांकडून धर्माची प्रश्नोत्तरं म्हणून घेत असे. मी पहिल्या बाकापासून ओळीनं विचारत जाई. केंडल आल्याबरोबर डोकी मोजायचा. आपल्या वाटेला कोणता प्रश्न येणार हे त्याला कळे, आणि तेवढं एकच उत्तर तो कोट काढता काढता पाठ करी.

मला हे माहीत होतं. एकदा त्याच्या आधीच्या मुलीच्या नाकातून रक्त आलं आणि ती उठून गेली. तिचा प्रश्न केंडलवर आला. प्रश्न होता, खोटी साक्ष म्हणजे काय? केंडल उभा राहिला आणि रोजच्या भाकरीबद्दल देवाचे आभार का मानावेत ते त्यानं न अडखळता, इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मुलं ऐकतच राहिली.

"उत्तर छान होतं, बाळा," मी म्हणालो. "प्रश्न दुसरा होता."

मुलं हसली. मीही हसलो. आणि खिशातली पेपरमिंटची गोळी काढून मी त्याला दिली.

ही गोष्ट मी नंतर कितीतरी जणांना सांगितली. न्यू हार्लिंगेनमध्ये ती सगळ्यांना पाठ आहे. केंडल नदीपलीकडच्या राज्यात गेला, तिथे वकील झाला, मग गव्हर्नर झाला, आणि गेल्या वर्षी त्यानं राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षाची उमेदवारी मागितली. तेव्हा गावाला ती गोष्ट पुन्हा नव्यानं आवडू लागली.

आमचं गाव एकाच पक्षाचं. मी मतदान करू लागल्यापासून दुसऱ्या पक्षाला मत दिलेलं नाही, आणि आता या वयात देईन असंही वाटत नाही. सरकारनं आपल्या मर्यादेत राहावं, माणसानं शब्द पाळावा, ज्याचं शेत त्याचं शेत. या तीन गोष्टी मी मुलांना शिकवल्या आणि मीही मानत आलो. म्हणूनच केंडलचं नाव निघालं की मला जेवण जाईनासं होई.

माझी धाकटी बहीण आर्लिस नदीपलीकडे राहते. नवरा गेल्यापासून शेत तीच बघते. पाच वर्षांपूर्वी एक कंपनी गॅसची पाइपलाइन घेऊन आली. आर्लिस नाही म्हणाली. तेव्हा केंडल पहिल्यांदा गव्हर्नरपदासाठी उभा होता. तो तिच्या स्वयंपाकघरात आला, तिच्या हातचं वाटाण्याचं सूप दोनदा मागून प्यायला आणि म्हणाला, "मावशी, मी आहे तोवर तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या जमिनीत फावडं पडणार नाही." निवडून आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यानं कायद्यावर सही केली, आणि मालकाची परवानगी लागेनाशी झाली. खंदक शेताच्या मधून गेला. नवऱ्यानं वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली झाडं पडली. जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्या फुटल्या. आता खालच्या वावरात जूनपर्यंत पाणी उभं असतं.

सरकारचा खर्च कमी करीन म्हणाला होता, तो वाढवला. हेही आम्ही वाचलं होतं. पण आकडे कोण लक्षात ठेवतो? मला ते सूप लक्षात राहिलं.

डिसेंबरात आर्लिस आली. तिनं कोटही काढला नाही.

"जानेवारीच्या सभेत तू बोल," ती म्हणाली. "माझं मत पलीकडच्या राज्यात, मला इथल्या सभेत बोलता येत नाही. तुझं लोक ऐकतात. त्यानं काय शब्द दिला आणि काय केलं, एवढंच सांग. शिव्या देऊ नकोस."

"शिव्या मला येतात कुठे?"

"तेच तर. म्हणून तुझं ऐकतील."

जानेवारीतल्या त्या सभेला आमच्या भागातली माणसं शाळेच्या जिममध्ये जमतात. ज्याला बोलायचं तो दोन मिनिटं बोलतो, मग कोऱ्या चिठ्ठीवर आपल्या पसंतीच्या उमेदवाराचं नाव लिहायचं. राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा याची सुरुवात देशात आमच्यासारख्या जिममधून होते, म्हणून उमेदवार वर्षभर आमच्याकडे येऊन पॅनकेक खातात.

मी आर्लिसला म्हणालो, "बोलेन. पण आधी मला त्याच्याकडे गेलं पाहिजे."

"कशाला?"

"भावाचं चुकलं तर आधी त्याच्याकडे एकटं जायचं. चारचौघांत नंतर."

"तो तुझा भाऊ नाही, डर्क. तो गव्हर्नर आहे."

पण हा आमच्या चर्चचा नियम आहे आणि एक्केचाळीस वर्षं मी तो मुलांच्या गळी उतरवला होता. कोणी चुगली घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "तू आधी त्याला सांगितलंस का?" तो नियम ऐन वेळी मीच मोडला असता तर कोणत्या तोंडानं पुन्हा वर्गात उभा राहिलो असतो?

केंडल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आला. मी दहा मिनिटं मागितली आणि ती मिळाली. त्यानंच जागा सुचवली. चर्चचं तळघर, आमचा जुना वर्ग.

तो लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे वर करून बसला. केस पिकले होते, आवाज तोच होता.

"केंडल," मी म्हणालो, "तू आर्लिसला शब्द दिला होतास की नव्हता?"

त्यानं डोळे मिटले. "सर, माझ्या आजोबांनी मला पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसवलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. जमीन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं." आणि तो जमिनीबद्दल बोलत राहिला. सुंदर बोलला. माझ्या डोळ्यांत पाणी यायला आलं होतं.

"मी विचारलं ते दुसरंच होतं," मी म्हणालो.

तो थांबला. मग माझा हात हातात घेतला. "तुमचं बरोबर आहे, सर. मला लागलं ते. लागायलाच हवं होतं. माझ्यासाठी प्रार्थना कराल?"

आमच्याकडे कोणी प्रार्थना मागितली तर नाही म्हणत नाहीत. मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "देवा, याला खरं बोलायचं बळ दे." डोळे उघडले तेव्हा दारात त्याच्या कार्यालयातली एक तरुण मुलगी फोन समोर धरून उभी होती.

"आठवणीसाठी," ती हसून म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी गावातल्या प्रत्येक टपालपेटीत जाड, चकचकीत कार्ड पडलं. त्यावर मी होतो. डोळे मिटलेला, हात केंडलच्या खांद्यावर. खाली लिहिलं होतं, 'ज्यांनी मला खरं बोलायला शिकवलं, त्यांचा आशीर्वाद.'

पहिला फोन वर्लिनचा. खत-बियाण्याचं दुकान चालवतो, सभेचा अध्यक्ष तोच, आणि तोही माझाच विद्यार्थी.

"सर! अहो, बेकरीत सगळे म्हणत होते की म्हातारा केंडलवर रुसलाय. आम्हाला चकवलंत की!"

"वर्लिन, मी पाठिंबा दिलेला नाही."

"फोटो खोटा आहे का?"

"फोटो खरा आहे."

"प्रार्थना केलीत ना?"

"केली."

"मग?"

"मी त्याला जाब विचारायला गेलो होतो."

वर्लिन हसला. "जाब विचारताना आम्हाला पट्टी मिळायची, सर. त्याच्या खांद्यावर हात कसा? माणूस मोठा झाला की शिक्षाही मऊ होते वाटतं!"

केंडलच्या कार्यालयाला फोन केला. एक मुलगा फार नम्रपणे म्हणाला, गैरसमज झाला असेल तर आम्ही कार्ड परत छापणार नाही. कार्डं तर वाटून झाली होती. आमचं साप्ताहिक गुरुवारी निघतं आणि सभा सोमवारी, म्हणजे खुलासा छापून यायलाही वेळ नव्हता. रविवारी चर्चमध्ये माणसं माझा हात जरा जास्त वेळ हातात ठेवत होती. मी एकेकाला सांगू लागलो. ते मान हलवत म्हणायचे, "तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केलीत हे फार चांगलं झालं, सर."

आर्लिसला मी फोन केला नाही. सोमवारी सभेत सगळं स्पष्ट होईल, मग बोलू, असं मी स्वतःला समजावलं.

सोमवारी उणे वीस तापमान होतं. जिम तरीही भरली. आर्लिस पाहुण्यांच्या खुर्च्यांवर, दाराजवळ बसली होती. कार्ड तिच्या मांडीवर होतं. नदीपलीकडेही पोचलं होतं तर.

वर्लिननं यादी वाचली. केंडलच्या बाजूनं बोलणाऱ्यांत माझं नाव होतं.

"मी बाजूनं बोलणार नाही," मी उभा राहून म्हणालो.

"बोला तर खरं, सर," वर्लिन म्हणाला आणि त्यानं स्वयंपाकघरातलं घंटीचं घड्याळ फिरवलं. ते घड्याळ मीच आणलं होतं, वीस वर्षांपूर्वी, सभेचा अध्यक्ष असताना. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं. मंत्री असो की गोठ्यातला गडी. तो नियम माझा.

मला वाटलं, आधी माणूस कसा आहे ते सांगावं, म्हणजे पुढचं पटेल. मुलांना मी असंच शिकवत आलो. आधी गोष्ट, मग अर्थ. मी तिसऱ्या बाकाची गोष्ट सुरू केली. डोकी मोजणं. नाकातून रक्त आलेली मुलगी. खोटी साक्ष आणि रोजची भाकरी.

जिम हसू लागली. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. कोणीतरी मागून ओरडलं, "तेव्हापासूनच तयारीचा होता पोरगा!" आणखी हसू. ते हसू मी ओळखलं. तेव्हा मी जसा हसलो होतो अगदी तसंच ते होतं, मायेचं, सगळं माफ करून टाकणारं. मीच ते त्यांना शिकवलं होतं.

"थांबा," मी म्हणालो. "यात हसण्यासारखं काही नाही. मी तेव्हा हसलो ती माझी चूक झाली. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात या माणसानं..."

घंटी वाजली.

"बोलू द्या त्यांना," कोणीतरी म्हणालं.

"नियम सरांचाच आहे," वर्लिन म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. वर्लिनच्या मनात काही वाईट नव्हतं. तो माझ्याकडे बघत थांबला. खरं सांगायचं तर सगळी जिम थांबली होती. मी दोन वाक्यं आणखी बोललो असतो तर मला कोणी खाली बसवलं नसतं.

मी बसलो.

टाळ्या झाल्या. मग चिठ्ठ्या. दर वेळी मोजायला मी असतो, तसा याही वेळी होतो. चिठ्ठीवर स्वतःचं नाव घालत नाहीत, पण या गावातल्या निम्म्या लोकांना शाळेत अक्षर मीच गिरवायला शिकवलं. केंडलचं नाव मी एकेका ओळखीच्या अक्षरात वाचत गेलो. हे ठळक, टेकून काढलेलं वर्लिनचं. हे डावखुऱ्या हातानं मागे झुकलेलं, बेकरीवालीचं. ही नीट, माझ्या फळ्यावरून जशीच्या तशी उतरवलेली, अशी वीस-बावीस तरी असतील. मी स्पष्ट आवाजात वाचलं. एकशे सहा जणांपैकी एक्क्याऐंशी.

बाहेर आर्लिस गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. मी दुसरी बाजू खरवडायला लागलो.

"राहू दे," ती म्हणाली.

"सांगणार होतो मी. गोष्ट लांबली."

"गोष्ट छान सांगितलीस. लोक हसले." तिनं खरवडायच्या पट्टीवरचा बर्फ झटकला. "तू बसलास का, डर्क?"

"वेळ संपली होती."

"अर्धं मिनिट आणखी बोलला असतास तर छत पडलं असतं का?"

मी काचेचा उरलेला कोपरा खरवडत राहिलो.

"त्यानं शब्द मोडला. तू नियम पाळलास," ती म्हणाली. "माझ्या वावरात पाणी तेवढंच आहे." ती गाडीत बसली. खिडकी खाली करील असं वाटलं होतं. तिनं केली नाही.

त्यानंतर दोन रविवार मी तिला फोन केला. तिच्या सुनेनं उचलला, ती गोठ्यात आहे म्हणाली. दोन्ही वेळा.

बुधवारचा वर्ग अजून माझ्याकडेच आहे. आता सातच मुलं येतात. काल वर्लिनची नात मॅडी कोट काढता काढता ओठ हलवत होती. तिनं बोटानं बाक मोजले, चौथ्यावर थांबली, आणि पुस्तकातलं एकच पान उघडलं. आठ वर्षांची आहे. समोरचे दोन दात पडलेत. हसू येण्यासारखंच होतं ते.

मी पहिल्या बाकाकडे गेलो नाही. सरळ तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि पहिला प्रश्न विचारला.

"हा माझा नाही, सर," ती म्हणाली. "हा टॉबीचा आहे."

"आज तुझा आहे."

तिनं पुस्तकाकडे बघितलं, मग पहिल्या बाकावरच्या टॉबीकडे, मग माझ्याकडे. मी हसेन अशी ती वाट बघत होती. तिच्या आजोबांनी तिला माझी ती गोष्ट नक्कीच सांगितली असणार. मी हसलो नाही, तेव्हा तिचा चेहरा आक्रसला आणि ती रडायला लागली. पेपरमिंट माझ्या खिशात होती. हात तिथपर्यंत गेलाही.

"येत नसेल तर येत नाही म्हण," मी म्हणालो. "मी थांबतो."

तिनं बाहीनं नाक पुसलं. बाकीची मुलं आपापल्या पुस्तकात बघत होती. मी थांबलो.