पितळी जोडातली गोटी

पाणी वर पोचायला उशीर झाला की धाकट्याच्या पाठीवर नळी बसायची. हा त्या दोघा भावांच्या धंद्याचा जणू रिवाजच होऊन बसला होता.

दोघे उंच इमारतींच्या काचा धुवायचे. शिडी नाही, दोर नाही. एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची लांबलचक काठी, तिच्या टोकाला ब्रश, आणि काठीच्या पोटातून ब्रशापर्यंत गेलेली बारीक नळी. गाडीतल्या टाकीत गाळून गाळून निर्मळ केलेलं पाणी असायचं. मोटार ते वर ढकलायची, ब्रशाच्या केसांतून ते काचेवर उतरायचं, आणि फडका न लावताही काच एक डाग न ठेवता वाळायची. काठी थोरला धरायचा. मोटारीच्या बटणापाशी धाकटा बसायचा. थोरल्यानं ब्रश काचेला टेकवून "पाणी" म्हणायचं, धाकट्यानं बटण दाबायचं. खिडकी झाली की "बंद".

काम सांगायला एवढंच. पण बटण दाबलं की पाणी काही लगेच ब्रशात हजर व्हायचं नाही. पाच-सहा मजले चढायचे म्हणजे पाण्यालाही दम लागणारच. तोवर थोरला ती काठी पेलून उभा. मान मागे टाकलेली, दंड थरथरतायत, आणि वरून टिपूस नाही. कोरडा ब्रश फिरवावा तर धुळीचे कण काच ओरबाडतात. थांबावं तर खांदे निखळतात. मग तो काठी खाली घ्यायचा, भिंतीला नीट टेकवायचा आणि सावकाश चालत गाडीकडे यायचा. ते सावकाश चालणंच वाईट होतं. गाडीच्या दाराला जाड नळीचा हातभर तुकडा अडकवलेला असायचा.

"झोप लागली होती का रे, गोगलगाय?"

"नाही दादा. हाक आली तसं दाबलं."

"मग पाणी काय वाटेत गप्पा मारत बसलं?"

नळीचा आवाज फारसा होत नाही, वळ मात्र बोटाएवढा उठतो. धाकटा कोपर वर करून कान झाकायचा आणि गुडघ्यांत डोकं घालायचा. काचेमागची कचेरीतली माणसं क्षणभर बघायची, मग पडदा ओढून घ्यायची. धुतलेल्या काचेतून सगळं फार स्वच्छ दिसतं, हीच पंचाईत.

धाकटा अंगानं काही कमी नव्हता. पण दादावर हात उचलणार नाही, असा त्यानं आईला शब्द दिला होता. रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना तो मनाशी म्हणायचा, आजचा दिवस. जन्मभराचा शब्द पाळायचा म्हटलं की छाती दडपते, एका दिवसाचा पाळता येतो. त्याला फार काही नको होतं. एकदा तरी मार न खाता घरी यावं, एवढंच.

त्या आठवड्यात नळीचं टोक कानावर बसलं आणि कान फाटला. रक्त कॉलरपर्यंत ओघळलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनीनं कोमट पाण्यात कापूस बुडवून ते पुसलं. थोरला आतल्या खोलीत, दार लावून.

"भावजी, हाक यायच्या आधीच बटण दाबत जा ना," वहिनी हळू आवाजात म्हणाली.

"आधी दाबलं की त्याच्या टाळक्यावर धार पडते. त्याचे फटके वेगळे मिळतात."

वहिनीला हसू आलं आणि तिनं ते पदरात लपवलं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच्या हाताला वळण तुमच्या बाबांचं. ते दोरावर लटकून काचा पुसायचे, आणि हा वर गच्चीत दोर सोडायला. दोर उशिरा सुटला की वर येऊन पट्टा काढायचे. तू तेव्हा पाळण्यात होतास."

"मग तू काय करायचीस?"

आईनं एक किडकं पान बाजूला टाकलं. "भाजी निवडायचे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टाकीचं झाकण उघडं असताना धाकट्याला ते ऐकू आलं. "बंद" म्हणून हाक आली, त्यानं मोटार बंद केली, आणि टाकीत गुळगुळ असा आवाज झाला. त्यानं वाकून पाहिलं. वर गेलेलं पाणी जुन्या मोटारीतून उलटं येऊन टाकीत पडत होतं. म्हणजे प्रत्येक खिडकीला नळी रिकामी व्हायची आणि पाणी बिचारं पुन्हा तळापासून चढायला लागायचं. इतके दिवस उशीर त्याच्या बोटात नव्हताच. तो नळीत होता. कान ठणकत असतानाही त्याला एवढं हलकं वाटलं की काय सांगावं. दोष सापडला की तो काढता येतो, आणि दोष काढला की मार संपला, असा त्याचा साधा हिशोब.

भंगारवाल्याकडून त्यानं एक पितळी जोड आणला, दोन्हीकडे नळी बसेल असा. सायकलच्या ट्यूबमधून रबराची चकती कापली, जोडाच्या तळाशी बसवली आणि तिच्यावर काचेची एक गोटी सोडली. खालून पाणी आलं की गोटी उचलली जाणार. पाणी थांबलं की आपल्याच वजनानं भोकावर बसणार. चढलेलं पाणी मग चढलेलंच राहील.

"भावजी, या वयात गोट्या?" वहिनी म्हणाली.

"जिंकलो तर तुला देईन."

सकाळी त्यानं तो जोड काठीच्या बुडाशी बसवला आणि दादाला सांगितलं. थोरल्यानं जोड हातात घेऊन हलवला. आत गोटी खुळखुळली.

"खुळखुळा केलायस. वाजव मग," तो म्हणाला.

पहिल्या खिडकीला पाणी नेहमीसारखं उशिरा आलं, कारण नळी रिकामी होती. थोरल्यानं गाडीकडे एकवार बघितलं. धाकट्याचं कोपर आपोआप वर गेलं. पण दुसऱ्या खिडकीला "पाणी" हा शब्द पुरता तोंडातून निघतोय तोच ब्रशातून धार आली. तिसरीला तसंच. चौथीला तसंच. काचा एकामागून एक उजळत गेल्या. थोरल्याला दम खायला वेळच मिळेना. दुपार झाली तरी नळीचा तुकडा दाराला जसाच्या तसा. धाकटा मनातल्या मनात प्रत्येक खिडकीला ओवाळत होता.

जेवायच्या सुट्टीत इमारतीचा पहारेकरी चहा घेऊन आला. चांगला माणूस, पण जिभेला हाड नसलेला.

"काय हो, आज भलतंच लवकर उरकतंय," तो थोरल्याला म्हणाला. "धाकट्यानं कायतरी जादू केली म्हणे. जपा बुवा. उद्या तो असा एक खुळखुळा करील की तुमचीही गरज उरायची नाही."

थोरल्यानं चहा संपवला. पेला जमिनीवर ठेवला. मग उठला आणि सावकाश चालत गाडीकडे आला.

धाकट्याला वाटलं, शाबासकी द्यायला येतोय. खरंच वाटलं त्याला. तो उठून उभा राहिला. पहिला फटका तोंडावर बसला आणि ओठ दातावर फाटला.

"दादा, पाणी वेळेवर आलं," तो म्हणाला. "एकदाही उशीर नाही झाला."

"मी म्हटलं का झाला म्हणून?"

दुसरा फटका फाटक्या कानावर. तिसरा मानेवर. थोरला नळी दोन्ही हातांनी धरून मारत होता, काठी धरावी तशी. मग त्यानं काठी खाली ओढली, बुडाचा पितळी जोड दगडावर ठेवला आणि बुटाच्या टाचेनं ठेचला. तीनदा. जोड चपटा झाला. गोटी सुटून फरशीवरून घरंगळत गेली, गटाराच्या जाळीपाशी थांबली.

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. पाणी वेळेवर आलं होतं. उशीर झाला नव्हता. म्हणजे आजवर एकही फटका पाण्यासाठी नव्हता.

काठी कधी हातात आली, त्याला कळलं नाही. तिचे तुकडे आत सरकवलेले होते, पुरुषभर उंचीची उरली होती, टोकाला ओला ब्रश. तो ब्रश त्यानं सगळ्या ताकदीनं थोरल्याच्या तोंडावर आणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. ओली फांदी मोडते तसा. थोरला मागे पडला, पडताना हात खाली आला आणि मनगट वेडंवाकडं वळलं. धाकट्यानं पुन्हा मारलं. खांद्यावर, बरगडीवर, पुन्हा तोंडावर. काठी फिरवताना तिच्या फुटलेल्या बुडाचा धक्का लागून मोटारीचं बटण दाबलं गेलं होतं. काठीच्या बुडातून पाणी उडत होतं, त्या निर्मळ पाण्यात रक्त फरशीभर पातळ होत चाललं होतं. आणि एक आवाज सारखा ओरडत होता, "उशीर झाला? झाला उशीर? बोल, झाला?" तो आवाज बाबांचा आहे असं त्याला वाटलं, मग दादाचा. मग कळलं, आपलाच आहे.

थोरल्यानं मोडका हात कसाबसा उचलला, कोपर वर करून कान झाकला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

तसंच. अगदी तसंच. हे झाकणं दादाला कुणी शिकवलं, हे त्याला विचारावं लागलं नाही. काठी त्याच्या हातातून गळाली.

पहारेकरी भिंतीला चिकटून उभा होता. "मी आपलं गमतीनं म्हटलं," तो पुटपुटत होता. "गमतीनं हो."

थोरल्यानं रक्त थुंकलं. त्यात दाताचा तुकडा होता. "गोगलगाय," तो म्हणाला, "पोटात पाय." मग रडू लागला, किंवा हसू. मोडक्या नाकानं दोन्ही सारखंच ऐकू येतं.

त्याला धाकट्यानंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. घरी आल्यावर आई उंबऱ्यातच उभी होती.

"हात उचललास," ती म्हणाली.

"उचलला."

"मला शब्द दिला होतास."

"त्याच्याकडून पण घ्यायचा होतास आई," धाकटा म्हणाला.  त्या दिवशी आईनं भाजी निवडायला घेतली नाही.

मनगट प्लास्टरमध्ये. काम तर थांबवता येत नाही. थोरला बटणापाशी बसू लागला, धाकट्यानं काठी धरली. नवा जोड बसवला होता, जाळीपाशी सापडलेली तीच गोटी घालून. पाणी हाकेसरशी येत होतं. पण एकदा वारा सुटला, काठी वाकली, ब्रश काचेवरून घसरला, आणि धाकटा संतापला. उगाचच. कुणाचाही दोष नसताना. "पाणी" असं तो म्हणाला तेव्हा हाक एवढी मोठी निघाली की खाली थोरल्याचं कोपर वर गेलं.

धाकट्यानं काठी खाली घेतली. भिंतीला टेकवली. आणि मुद्दाम भरभर चालत गाडीकडे गेला, कारण सावकाश चालायची त्याला भीती वाटली.

"दादा, मी काठीवरच तोटी बसवणार आहे," तो लांबूनच म्हणाला. "अंगठ्याखाली. हाक मारायलाच नको. मोटार चालूच राहील, जास्तीचं पाणी बाजूच्या नळीनं टाकीत परत जाईल. तुझा हात बरा झाला की तुलाही एक काठी. तू पुढची बाजू घे, मी मागची."

थोरल्यानं बटणाकडे बघितलं. "मग इथं कोण बसणार?"

"कुणीच नाही."

"परतीच्या नळीला तुकडा लागेल," थोरला म्हणाला.

"हातभर."

थोरल्यानं चांगल्या हातानं दाराचा तो तुकडा काढला. धाकट्याच्या हातात दिला नाही. दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला आणि मागे सरला. मापाला तो नेमका पुरला.

आता इमारतीच्या दोन बाजूंना दोन काठ्या असतात. वहिनी विचारते, दिवसभर एकमेकांशी बोलत नाही का म्हणून. कामात हाक मारायची वेळच येत नाही, असं दोघंही सांगतात. धाकटा अजून सकाळी नाडी बांधताना आजचा दिवस म्हणतो. आता तो शब्द आईला दिलेला नाही. काचा धूत धूत दोघं कधी एकाच कोपऱ्यावर समोरासमोर येतात. तेव्हा अंगठ्यानं तोटी बंद करतात, काठ्या खाली घेतात, भिंतीला टेकवतात, आणि मग रिकाम्या हातांनी एकमेकांशेजारून जातात.